निळी काच आणि वर्णलेखन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांनी मला रसायनशास्त्र शिकविले. पुढे मी डॉक्टरेट मिळविली ती मराठी साहित्यात. तेव्हा पाण्यातील धातूंचे आयन कसे ओळखतात, हा आजचा विषय ऐकून आपणांस नवल वाटले असेल. मला या विषयाकडे वळविले ते गुरुजींच्या एका आठवणीने आणि शेजारच्या पीथमपूरने.

क्षार ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात मी एकदा नमुना तारेवर घेऊन ज्योतीत धरला. ज्योत पिवळीधमक झाली. ‘सोडियम’ असे लिहून मी मोकळा झालो. गुरुजींनी माझ्या डोळ्यांपुढे निळी काच धरली. पिवळा रंग लोपला आणि पोटॅशियमची जांभळी छटा दिसू लागली. ते म्हणाले, “अरे, पिवळा दिसला म्हणून दुसरे काही नाहीच, हे कशावरून ठरवलेस?”

१९०३ साली त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांचा अर्क भुकटी भरलेल्या काचेच्या नळीतून झिरपू दिला आणि त्यातील हिरवी व पिवळी द्रव्ये निरनिराळ्या पट्ट्यांत वेगळी झाली. या रीतीला आपण ‘वर्णलेखन’ म्हणतो. वर्ण म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे अक्षरही. मिसळलेल्या मजकुरातून एकेक अक्षर सुटे करून वाचावे, तसेच हे काम आहे.

धातूंच्या आयनांना बहुधा रंग नसतो. त्यांच्यासाठी १९७५ साली स्मॉल, स्टीव्हन्स व बॉमन यांनी आयन-वर्णलेखनाची आधुनिक रीत मांडली. ऋणभारित राळेच्या बारीक कणांनी भरलेल्या नळीतून पाण्याचा नमुना सौम्य आम्लाबरोबर सोडतात. धनभारित आयन राळेला कमी-अधिक चिकटतात. लिथियम आधी सुटतो, मग सोडियम, अमोनियम, पोटॅशियम; मॅग्नेशियम व कॅल्शियम सर्वांत मागे राहतात. बाहेर पडणाऱ्या द्रवाची विद्युतवाहकता मोजली की कागदावर एकामागून एक शिखरे उमटतात. शिखर केव्हा आले यावरून नाव कळते. त्याच्या क्षेत्रफळावरून प्रमाण. मात्र सोडियम फार असेल तर त्याच्या शिखराआड शेजारचे अमोनियम दडते, आणि सांडपाणी मिसळल्याची खूण बहुधा तेच असते. निळी काच येथेही लागतेच!

आता पीथमपूर. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर युनियन कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा वाहनांतून येथे आणला गेला. ३ जानेवारीला गाव बंद राहिले. दोघांनी अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. पुढे तीन चाचण्या झाल्या. उत्सर्जन मर्यादेत असल्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळाने न्यायालयास कळविले आणि जूनअखेर सारा कचरा जळून संपला. उरली ती राख, आणि तिच्यातील पारा व इतर जड धातू कधी भूजलात उतरतील काय, ही चिंता.

या चिंतेला अडाणीपणा म्हणणे मला मान्य नाही. त्याचबरोबर, एका अहवालाने सारे सिद्ध झाले असेही मी मानणार नाही. वर सांगितलेली रीत सोडियम-कॅल्शियम सांगेल. पारा सांगणार नाही. जड धातूंसाठी निराळी नळी घेऊन, बाहेर पडताना त्यांत रंग आणणारे द्रव्य मिसळावे लागते. पाऱ्यासाठी त्याची वाफ करून प्रकाशाचे शोषण मोजतात. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची भारतीय मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. म्हणून अहवाल हाती आला की विचारावे : नमुना कोठला, कधी घेतला? कोणत्या रीतीने तपासला? काय शोधलेच नाही? आमच्या माळव्याच्या काळ्या खडकातले पाणी मुळातच कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड असते. म्हणून जुन्या नोंदीही जपल्या पाहिजेत. कालचे पाणी ठाऊक नसेल, तर आजचे बिघडले हे कशावरून म्हणणार?

एक योगायोग सांगून थांबतो. आयन-वर्णलेखन मांडणारे ते तिघे डाऊ केमिकलचे संशोधक होते, आणि २००१ साली याच डाऊने युनियन कार्बाइड विकत घेतली. विद्या कोणाच्या घरी जन्मली, याला महत्त्व नाही. ती कोणाच्या प्रश्नासाठी वापरली जाते, याला आहे. आपल्या शाळेतील मुलांनी पीथमपूरच्या विहिरींचे अहवाल वाचावयास शिकावे, एवढीच या वृद्ध शिष्याची गुरुजींच्या चरणी दक्षिणा.