खेड्यातील वाढता मेद

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राजमार्गाला जेथे चंद्रपूरचा रस्ता फुटतो, त्या समुद्रपूर तालुक्यातील जामसारख्या कष्टाळू मुलुखात स्थूलता ही शहरी श्रीमंतांची व्याधी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे दप्तर उघडले, तर देशाच्या ग्रामीण भागातही सुमारे पाचांपैकी एक प्रौढ, स्त्री असो वा पुरुष, अतिवजनाच्या सदरात मोडतो. वजनकाट्याहून कमरेचा घेर मला अधिक बोलका वाटतो: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पलीकडे तो गेला, की मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो, आणि भारतीय देहप्रकृतीत हा उदरस्थ मेद एरवी सडपातळ दिसणाऱ्यांतही साचतो. खेड्यात हा मेद वाढला, कारण वखरणीचे श्रम ट्रॅक्टरने उचलले, शेताची वाट दुचाकीने तोडली, ज्वारीच्या भाकरीची जागा गहू-तांदळाने घेतली, तेल-साखर वाढली. आनुवंशिकता, वाढते वय, मद्य आणि अपुरी झोप ही कारणे निराळीच. तिशी ओलांडलेल्यांची मधुमेह-रक्तदाबाची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत होते. तेथे कमरेचे मापही आग्रहाने घ्यावयास लावावे.