आलेख आणि सोबत्याचा अभिप्राय

आंकडे मुके असतात. त्यांना बोलतें करण्यासाठीं आलेख काढावयाचा असतो. महाराष्ट्रांतील मुलें ही विद्या पाठ्यपुस्तकांतून पायरीपायरीनें शिकत आलीं आहेत. सातवींत जोडस्तंभालेख, आठवींत विभाजित व शतमान स्तंभालेख, दहावींत वृत्तालेख असा तो क्रम. आलेख पुरा झाला, गुरुजींनीं लाल शाईची खूण केली, गुण मिळाले आणि कागद वहींत गेला, कीं काम संपलें असें पुष्कळांस वाटतें. परंतु आलेख कांहीं गुणांसाठीं काढलेला नसतो. तो पाहणाऱ्यासाठीं काढलेला असतो. आणि त्याचा पहिला पाहणारा म्हणजे शेजारच्या बाकावरचा सोबती. त्या सोबत्यानें आपलें मत कसें सांगावें, व काढणाऱ्यानें तें कसें ऐकावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पाथर्डी तालुका हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील पर्जन्यछायेचा मुलूख. एका अंगास गर्भगिरीचे डोंगर, दुसऱ्या अंगास उघडें माळरान. येथील एखाद्या शाळेचा वर्ग श्रोत्यांनीं कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावा. मुलांनीं गांवाची, पावसाची, शाळेची माहिती जमवून आलेख काढले आहेत व ते भिंतीवर लावले आहेत. गुरुजींनीं जोड्या पाडून सांगितलें आहे कीं, प्रत्येकानें दुसऱ्याचा आलेख पाहून अभिप्राय द्यावा.

पहिल्या दिवशीं काय घडतें, तें कोणत्याही शिक्षकास ठाऊक आहे. निम्मीं मुलें म्हणतात, "छान आहे." उरलेल्यांपैकीं कांहीं म्हणतात, "रंग बरा नाहीं," आणि एखादा खोडकर म्हणतो, "ह्याला कांहीं येत नाहीं, गुरुजी." या तिन्ही उत्तरांचा उपयोग सारखाच, म्हणजे शून्य. पहिल्यांत स्नेह आहे, तिसऱ्यांत वैर आहे. पण आलेख मात्र कोणींच वाचलेला नाहीं. म्हणून गुरुजी दुसऱ्या दिवशीं एकच नियम घालतात: मत नंतर सांगा, आधीं या आलेखावरून तुम्हांला काय समजलें तें सांगा.

या एका नियमानें वर्गाचा रंग पालटतो. एका मुलानें मिरी, करंजी, माणिकदौंडी, टाकळी मानूर अशा महसूल मंडळांचा पाऊस मांडला आहे आणि ते बिंदू रेषेनें जोडले आहेत. त्याचा सोबती आलेख वाचूं लागतो व मध्येंच थांबतो. "मिरीपासून करंजीपर्यंत ही रेषा वर चढली आहे. या रेषेच्या मध्यावर बोट ठेवलें तर तो कोणत्या गांवचा पाऊस?" प्रश्न साधा, पण त्याला उत्तर नाहीं. जूनमागून जुलै येतो, म्हणून महिन्यांचे बिंदू जोडण्यांत अर्थ असतो. मिरीमागून करंजी येत नाहीं. तीं दोन निराळीं ठिकाणें आहेत. तेथें सुटे स्तंभच हवेत. ही चूक गुरुजींनींही दाखविली असती. पण सोबत्यानें ती दोष म्हणून दाखविली नाहीं, स्वतःची अडचण म्हणून मांडली. त्यामुळें काढणाऱ्याला राग आला नाहीं; तो हंसला, व त्यानें खोडरबर उचललें.

दुसरा आलेख अधिक कठीण आहे. एका मुलीनें गेल्या वर्षाच्या हजेरीपटावरून महिनेवार उपस्थितीचे स्तंभ काढले आहेत. वर्गाचा पट 40 होता असें समजूं. जुलैंत रोज सरासरी 38 मुलें हजर, आणि डिसेंबरांत 22. आलेखाच्या माथ्यावर तिनें लिहिलें आहे: "दिवाळीनंतर मुलांना शाळेचा कंटाळा."

तिचा सोबती प्रथम प्रमाण पाहतो. तिनें जागा वांचविण्यासाठीं उभा अक्ष शून्याऐवजीं 20 पासून सुरू केला आहे. त्यामुळें जुलैचा स्तंभ 18 घरें उंच, तर डिसेंबरचा केवळ 2 घरें. डोळ्याला वाटतें कीं, हजेरी एक-नवमांशावर आली. वास्तविक 38 ची 22 झाली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलें येतच होतीं. आंकडा एकही खोटा नाहीं, बेरीज बरोबर आहे, आणि तरीही चित्र खोटें बोलत आहे. स्तंभालेखांत स्तंभाची उंची हेंच विधान असतें. त्याचा पाया कापला कीं विधानही कापलें जातें.

एवढें सांगून तो मुलगा थांबला असता, तरी त्याचें काम झालें असतें. पण तो मथळा पुन्हा वाचतो आणि हळू आवाजांत म्हणतो, "हजर नसलेल्या ह्या अठरांत मी होतों. मला कंटाळा नव्हता आला. आम्ही ऊंस तोडायला गेलों होतों."

पाथर्डी तालुक्यांत याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. नवरात्रांत मोहटादेवीची यात्रा होते, दसरा-दिवाळी येते, आणि मुकादमाकडून उचल घेतलेलीं कुटुंबें साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. उन्हाळा येईपर्यंत त्यांचा संसार उसाच्या फडाजवळच्या कोपींत असतो. फडावर नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणून मोजतात. त्या मोजणींत बरोबर नेलेलें मूल कोठेंच नसतें. आणि शाळेच्या मोजणींत तें केवळ 'गैरहजर' म्हणून असतें. तान्ह्या भावंडाला सांभाळणारें, पहाटे पाणी भरणारें तें मूल दोन्ही हिशेबांतून निसटतें. तिसरा हिशेब या मुलीच्या हातून होत होता. आणि त्यांत त्याच्या नांवावर आळस लिहिला गेला होता.

या ठिकाणीं सोबत्याच्या अभिप्रायाचें खरें मोल कळतें. प्रमाणाची चूक कोणीही हुशार मनुष्य काढील. परंतु आंकड्याच्या आंत कोण उभा आहे, हें तोच सांगूं शकतो जो स्वतः त्या आंकड्यांत होता.

अशीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर लंडन शहरांत घडलेली आहे. 1854 च्या ऑगस्टअखेर तेथील सोहो भागांत पटकीची साथ उसळली. डॉ. जॉन स्नो यांनीं नकाशावर घरोघरचे मृत्यू छोट्या काळ्या रेघांनीं मांडले. त्या रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाभोंवतीं होती. 8 सप्टेंबर रोजीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. त्याच भागांतील चर्चचे तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना मात्र हें अनुमान पटलें नाहीं. ते डॉक्टर नव्हते. पण त्या गल्ल्यांतील माणसें त्यांच्या ओळखीचीं होतीं. विरोध करून ते घरीं बसले नाहींत. त्यांनीं दारोदार जाऊन कोणी कोणतें पाणी प्यालें याची पुनःपुन्हां विचारपूस केली, आणि अखेर त्यांच्याच तपासानें स्नो यांच्या म्हणण्यास पुष्टी मिळाली. साथ भडकण्यापूर्वीं 40 क्रमांकाच्या घरांतील एक तान्हें मूल आजारी पडलें होतें, व त्याच्या दुपट्यांचें पाणी पंपाच्या विहिरीलगतच्या मैलाकुंडींत टाकलें जात होतें, हेंही त्यांनींच शोधून काढलें. नकाशा स्नो यांचा होता. त्यांतील उणीव भरून काढली ती शंका घेणाऱ्या शेजाऱ्यानें.

पुन्हां आपल्या वर्गाकडे येऊं. मुलीचा चेहरा उतरला आहे. "मीं तर हजेरीपटांतलेच आंकडे घेतले," असें ती म्हणते, आणि तें खरेंही आहे. अशा वेळीं गुरुजींनीं मध्यें पडून निकाल देऊं नये. अभिप्राय ऐकणारानेंही लगेच बचाव करूं नये, कीं लगेच मान तुकवूं नये. एक प्रश्न विचारावा. ती मुलगी तो विचारते: "मग अठरांपैकीं किती जण तुझ्यासारखे गेले होते?" दोघेंही पट घेऊन बसतात, घरोघर चौकशी करतात. समजा कीं 14 मुलें आईबापांबरोबर गेलीं होतीं व 4 गांवांतच होतीं. आतां साधा स्तंभालेख पुरत नाहीं. विभाजित स्तंभालेख लागतो. प्रत्येक स्तंभाचे तीन भाग होतात: हजर, स्थलांतरित, आणि गांवांत असून गैरहजर. मथळाही बदलतो: "दिवाळीनंतर आमच्या वर्गांतील मुलें कोठें जातात?"

हा बदल केवळ चित्राचा नव्हे. पहिल्या आलेखावरून शाळा समितीनें फार तर पालकांना ताकीद दिली असती. दुसऱ्या आलेखावरून असें दिसतें कीं, त्या चौदा मुलांसाठीं हंगामी वसतिगृहाची सोय कुटुंबें निघण्यापूर्वीं व्हावयास हवी. डिसेंबरांत जाग येऊन उपयोग नाहीं. चुकीचा आलेख चुकीच्या दाराकडे बोट दाखवितो, आणि त्या दाराआड मुलाचें एक वर्ष असतें.

या साऱ्यांतून अभिप्राय देणाऱ्यानें तीन गोष्टी घ्याव्यात. आलेखावरून आपल्यास काय समजलें, तें प्रथम सांगावें. कोठें अडलें, तें दुसरें. आणि तें कागदाबद्दल सांगावें, काढणाऱ्याबद्दल नव्हे. आपल्यास ठाऊक असलेली व कागदावर नसलेली गोष्ट कोणती, तें तिसरें; आणि हेंच सर्वांत मोलाचें. ती गोष्ट चारचौघांत बोलणें जड जात असेल, तर चिठ्ठीवर लिहून द्यावी. गरिबीची कहाणी फळ्यावर मांडण्याची सक्ती कोणत्याही मुलावर होतां कामा नये. ज्यानें आलेख काढला, त्यानें प्रत्येक सूचना मानलीच पाहिजे असें नाहीं. पण न मानण्याचें कारण त्याला सांगतां आलें पाहिजे.

वर्ग सुटतो. नव्या आलेखाखालीं त्या मुलीनें आपलें नांव लिहिलें आहे आणि पेन्सिल सोबत्याच्या हातीं दिली आहे. तो क्षणभर घुटमळतो, मग तिच्या नांवाशेजारीं आपलें नांव लिहितो. गेल्या वर्षीं जो त्या कागदावर केवळ एक कमी झालेलें घर होता, तो आतां त्या कागदाचा कर्ता झाला आहे.