पाण्यात घडणारा मणी



बोअरिंगच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे बोरिवलीकरांना मी काय सांगावे! असे पाणी पिवळसर मण्यांतून सोडतात. मणी त्यातला चुना धरून ठेवतात, मोबदल्यात सोडियम देतात; थकले की त्यांना मिठाचे पाणी पाजायचे.

हा मणी पाण्यातच घडतो. स्टायरीन हे तेलासारखे द्रव. त्यात शंभरी आठ या बेताने डायव्हिनिलबेन्झीन आणि किंचित पेरॉक्साइड घालून ते ऊन पाण्यात ढवळतात. थेंबाथेंबाचा मणी होतो. मधली घटका मात्र कठीण. थेंब तेव्हा गुळाच्या पाकासारखे चिकट असतात. ढवळणी थांबली, की भांड्यात एकच धोंडा! म्हणून पाण्यात थोडे पॉलिव्हिनिल अल्कोहोल घालतात. थेंबांवर त्याचे पातळ कवच चढते.

मुंबईत पॉलिकेम कंपनीने १९५७ साली पॉलिस्टायरीन काढले, ते बेन्झीनमध्ये विरघळते. त्याच्या साखळ्या सुट्या. आपल्या मण्यात डायव्हिनिलबेन्झीन साखळ्यांना गाठी मारते, म्हणून तो नुसता फुगतो. गाठी नसत्या, तर सल्फ्यूरिक आम्लाची प्रक्रिया झालेला मणी पाण्यातच विरून गेला असता. फार झाल्या, तर चुन्याला आत वाट नाही. अशा मण्याचे पेटंट डी'अलेलिओ या अमेरिकन रसायनज्ञास १९४४ साली मिळाले.