हात गुंतलेले, जीभ मोकळी



मानेतील मज्जारज्जूला जबर इजा झाली की मेंदूचे आदेश हातापायांपर्यंत पोहोचत नाहीत. जिभेला हलविणारा मज्जातंतू मात्र मेंदूपासून थेट निघतो, मज्जारज्जूतून जात नाही. म्हणून हातपाय निकामी झालेल्या माणसाची जीभ बहुधा शाबूत राहते. या शरीरसत्याच्या आधारे अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत मेसम घोवानलू व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्रणा सिद्ध केली. जिभेवर बारीकसा चुंबक, डोक्यावरील पट्टीत संवेदक. जीभ हलली की संगणकाला वा चाकाच्या खुर्चीला आज्ञा मिळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांनी फुंकर मारून चालविण्याच्या नळीपेक्षा तिपटीपर्यंत अधिक वेगाने कामे केली. अचूकतेत उणेपणा आला नाही.

आता हाताशी तुलना. स्वस्थ बसलेल्या धडधाकट माणसाच्या हाताला जीभ सहजी मागे टाकील, असे नव्हे. प्रश्न शरीर चालते असतानाचा आहे. चालताना हात तोल सांभाळतो, ओझे पेलतो; पावलागणिक त्याला हिसका बसतो, आणि बटण शोधण्यासाठी नजरही खाली वळवावी लागते. जीभ जबड्याच्या आत सुरक्षित असते, नजरेवाचून हलते आणि सहसा लवकर थकत नाही. तिलाही मर्यादा आहेत. बोलताना व गिळताना ती रिकामी नसते. धाप लागली की तोंड उघडावे लागते. डोके वळले की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा परिणाम वजा करावा लागतो.

ही तुलना केवळ तंत्रज्ञांची नाही. अर्थशास्त्र गरज आणि प्रभावी मागणी यांत भेद करते. अपंगाची गरज मोठी, पण क्रयशक्ती तुटपुंजी. बाजार तिकडे वळत नाही. हात गुंतलेल्या धडधाकट श्रमिकालाही हे साधन उपयोगी ठरले, तर उत्पादन वाढेल आणि किंमत उतरेल.

तथापि त्या भरवशावर थांबता येणार नाही. आपल्या देशात उंचावरून पडणे आणि रस्त्यावरील अपघात ही मज्जारज्जूच्या इजेची प्रमुख कारणे आहेत. परांचीवरून कोसळणारा मजूर बाजाराची वाट पाहू शकत नाही. अपंगांसाठी साधने बनविणारा सरकारी कारखाना कानपूरला १९७२ साली स्थापन झाला. साहाय्य-योजना १९८१ पासून आहे. हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. कुबडी आणि तीनचाकीपुरते हे हक्क मर्यादित नाहीत, हे ठणकावून सांगणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.