धार्मिक कार्यक्रमांच्या बातम्या : विश्वास किती ठेवावा?

(वर्षावासातील व्याख्यानमालेत बारामती येथे केलेल्या भाषणाचा लेखी सारांश)



मी पत्रकार नाही, विद्वान वक्ताही नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेत कारकून आहे. दिवसभर लोकांचे पैसे मोजायचे आणि संध्याकाळी मेळ घालायचा, हे माझे काम. पाच रुपयांचा फरक राहिला तरी घरी जाता येत नाही. त्यामुळे आकडा दिसला की तो पडताळून पाहण्याची सवय हाताला जडली आहे. धार्मिक कार्यक्रमांच्या बातम्या वर्तमानपत्रे खऱ्या देतात काय, हा आजचा विषय मी त्याच सवयीने पाहणार आहे.

'सगळी वर्तमानपत्रे खोटी' असे म्हणणे सोपे आहे आणि 'छापून आले म्हणजे खरेच' असे म्हणणे त्याहून सोपे. दोन्हीत डोक्याला त्रास नाही. पण कोणत्याही बातमीत तीन गोष्टी असतात : घडले काय, किती लोक होते, आणि घडले त्याचा अर्थ काय. या तिन्हींवर सारखाच विश्वास ठेवता येत नाही.

पहिली गोष्ट, घडले काय. आपल्या भागातले उदाहरण घेऊ. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामतीहून पुढे निघते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीला गोल रिंगण होते. पुढे निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा मार्ग आहे. ही बातमी सहसा चुकत नाही. कारण बातमीदार तेथे स्वतः उभा असतो, आणि वाचणाऱ्यांनीही ते डोळ्यांनी पाहिलेले असते. बेलवाडीचे रिंगण काटेवाडीत झाले असे छापले, तर दुसऱ्या दिवशी पेपर टाकणाऱ्या पोरालाच लोक धरतील. म्हणजे जेथे वाचक हाच साक्षीदार असतो, तेथे वर्तमानपत्राला खरे लिहावेच लागते.

दुसरी गोष्ट, किती लोक होते. येथे घसरण सुरू होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना दिली. त्या दिवशी मैदानावर लोक किती? कोणी तीन लाख लिहितो, कोणी चार, कोणी पाच. यात सगळेच लबाड होते असे नव्हे. मैदानाला फाटक नव्हते आणि फाटकावर मोजणारा नव्हता. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, तेव्हाही पहिल्या दोन-तीन दिवसांत मृतांचे आकडे वेगवेगळे येत होते. माणसे दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली, प्रेते वेगवेगळ्या ठिकाणी, तेथे पहिल्या दिवशीचा आकडा अंदाजच असणार. म्हणून गर्दीचा आकडा वाचताना एकच प्रश्न विचारावा : हा मोजला कोणी?

मोजलेला आकडा कसा असतो तेही पाहा. आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते अवघे अडीच हजारांच्या आसपास. १९६१ च्या जनगणनेत ते झाले सुमारे २७ लाख ८९ हजार. हा आकडा घरोघर जाऊन, माणसाला विचारून घेतलेला आहे. मैदानावर तीन लाख होते की पाच, या वादापेक्षा पाच वर्षांनी किती लाख लोकांनी आपला धर्म 'बौद्ध' असा सांगितला, हे त्या दिवसाचे खरे माप आहे.

तिसरी गोष्ट, अर्थ काय. सगळ्यांत जास्त सावध येथे राहावे. दीक्षेसाठी नागपूर का निवडले, याचे तर्क तेव्हा अनेकांनी लढवले. तेथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे ठाणे आहे म्हणून मुद्दाम निवडले, असेही म्हटले गेले. बाबासाहेबांना दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबरच्या भाषणात, ते खोडून काढावे लागले. नागपूर ही नागलोकांची भूमी आणि त्या लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला, हे कारण त्यांनी स्वतः सांगितले. ते भाषण २७ ऑक्टोबर १९५६ च्या 'प्रबुद्ध भारत'मध्ये छापले गेले, म्हणून आज आपल्यापाशी आहे. आपले पत्र नसते, तर कदाचित दुसऱ्याचा तर्कच इतिहास म्हणून शिल्लक राहिला असता.

एका अफवेने काय होते हे महाडने दाखवले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी हूल गावात उठली. तसे काही ठरलेलेच नव्हते. तरी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, डोकी फुटली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. त्याआधी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाले होते आणि त्याला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. इतर पत्रे आपली बाजू मांडत नाहीत, हे नुसते रडगाणे बाबासाहेबांनी गायिले नाही. स्वतःचे पत्र काढले, आणि ते पदरमोड करून चालवले.

आता १९९५ सालची गोष्ट. २१ सप्टेंबरला गणपती दूध पितो अशी बातमी देशभर पसरली. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी घरून वरवंटा मागवला, पाण्याने ओला केला, आणि दुधाने भरलेला चमचा त्याला टेकवून किंचित कलता धरला. वरवंटाही दूध प्यायला! ओल्या दगडावरून दुधाची बारीक धार खाली ओघळत होती, पण पांढऱ्या दगडावर ती दिसली नसती. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून हेच दाखवले. पृष्ठताणाचा तो परिणाम होता. गुरुजींनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. 'मूर्ती दूध पिते.' 'मूर्ती दूध पिते, असे लोक म्हणतात.' म्हणाले, "दुसरं वाक्य बातमी आहे. पहिलं नाही." वर्तमानपत्र वाचण्याचे याहून चांगले शिक्षण मला कॉलेजातही मिळाले नाही.

बंधू-भगिनींनो, येथवर मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले. आता स्वतःचे खाते उघडतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावी बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. तालुक्याचा बातमीदार बिचारा तुटपुंज्या मानधनावर काम करतो, जाहिरातीही तोच गोळा करतो. प्रत्येक गावी तो कोठून पोहोचणार? आपण लिहून द्यायचे, त्याने पाठवायचे, अशी रीत. पान लवकर लागते म्हणून मी दुपारीच बातमी लिहून दिली : 'हजारो उपासकांच्या उपस्थितीत' कार्यक्रम झाला आणि प्रमुख पाहुण्यांनी मार्गदर्शन केले. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. पाहुणे आलेच नाहीत. विहारात माणसे अडीचशे. सकाळी बातमी जशीच्या तशी छापून आली. आमच्यातले एक वृद्ध तात्या पेपर घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "काल भाषण कोणाचं झालं रे? मी तर पहिल्याच रांगेत होतो." मी हसण्यावारी नेले. ते हसले नाहीत. "चौथं शील रात्री घेतलंस, अन् दुपारीच मोडून ठेवलं होतंस," एवढेच बोलून गेले.

पुढच्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकाच्या वायरीवरून दोघांची बाचाबाची झाली आणि पाच मिनिटांत मिटली. त्याच पत्रात आले, 'दोन गटांत तणाव'. आम्ही चौघे खुलासा मागायला गेलो. बातमीदार शांतपणे म्हणाला, "साहेब, गेल्या वर्षी न आलेले पाहुणे तुम्हीच आणले होते. आता तुमचं खरं कोणतं धरायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. खुलासा छापला नाही. त्या एका कात्रणापायी त्यानंतरच्या मिरवणुकीच्या परवानगीला किती हेलपाटे पडले, ते कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. चूक वर्तमानपत्राची होती, हे मी आजही म्हणतो. पण ती दुरुस्त करून घेण्याचा आमचा हक्क माझ्या लेखणीने आधीच घालवला होता.

तथागतांनी कालामांना सांगितले ते आपण नेहमी ऐकतो : ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश दुसऱ्याच्या बातमीला लागू आहे, तसाच आपल्या बातमीला आणि मोबाईलवर आलेल्या मजकुरालाही लागू आहे. किंबहुना मनाला गोड वाटणारी बातमी अधिक पारखावी, कारण तेथे आपण मोजायचे विसरतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला चार कामे सांगतो. कार्यक्रमाची बातमी कार्यक्रम झाल्यावरच लिहा. माणसे मोजता आली तर मोजा, नाहीतर आकडा घालूच नका. विहाराला कोणी 'मंदिर' लिहिले, भन्तेंना 'महाराज' लिहिले, तर रागावू नका; संपादकाला तारीख, पान व योग्य शब्द कळवणारे चार ओळींचे पत्र लिहा आणि त्याची प्रत ठेवा. संपादकाने दाद दिली नाही, तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते, आणि तेथेही ही प्रतच उपयोगी पडते. चौथे, एकाच घटनेची बातमी दोन पत्रांत वाचा आणि कात्रणे शेजारी शेजारी चिकटवा. फरक आपोआप दिसतो.

वर्तमानपत्रांवर विश्वास किती ठेवावा, याचे माझे उत्तर बँकेतल्या माणसाचे आहे : व्हाउचर पाहून ठेवावा. आणि आपण पाठवलेल्या बातमीचे व्हाउचर कोणी मागितले, तर ते दाखवता आले पाहिजे. तात्या आज हयात नाहीत. पण बातमी लिहायला बसलो की ते पहिल्या रांगेत बसले आहेत असे समजूनच मी लिहितो.