देवाचे रान व देवाचा दिवा
(देवस्थानच्या वार्षिकोत्सवात महाजनांच्या मेळाव्यापुढे केलेले भाषण)



समितीने मला आज दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मी काही वक्ता नव्हे. उभे आयुष्य कचेरीत आवक-जावक नोंदविण्यात आणि टिपणे लिहिण्यात गेले. त्यामुळे माझ्या बोलण्यात अलंकार कमी आणि नोंदी अधिक आढळतील, त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात नार्नूर नावाचे गाव आहे. माझा एक भाचा नोकरीनिमित्त तिकडे असल्याने पौष महिन्यात तेथे जाण्याचा योग आला. बाजारात पाऊल ठेवले आणि कानावर मराठी पडली. नवल वाटण्याचे कारण नव्हते. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील हा मुलूख असून, याच जिल्ह्यातील राजुरा तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठी प्रदेशाला जोडला गेला. नार्नूरच्या आसपासची वस्ती मुख्यत्वे गोंड बांधवांची. येथून जवळच केसलापूर येथे नागोबाचे देवस्थान आहे. मेश्राम कुळाचे ते कुलदैवत. पौष अमावास्येला तेथे मोठी जत्रा भरते.

ती जत्रा पाहताना मला पदोपदी आपल्या महाजनकीची आठवण होत होती. अभिषेकाचे पाणी गोदावरीवरील हस्तिनमडगूहून आणण्यासाठी कुळातील मंडळी अनवाणी चालत जातात आणि चालत परततात. घरे कितीही वाढली तरी कुळाच्या स्वयंपाकासाठी चुली बावीसच. नव्या सुनांना देवापुढे आणून कुळात घेतले जाते. जुन्या देवळाच्या जागी नवे मंदिर उभारावयाचे ठरले तेव्हा घराघरांतून वर्गणी काढण्यात आली आणि २०२२ मध्ये ते पूर्ण झाले. पाणी मोटारीने का आणीत नाही, असे मी एका वृद्धास विचारले. मोटारीने गेल्यास वाटेवरचे रान आणि ओढे नजरेस पडणार नाहीत, मग ते राहिले की गेले हे कळणार कसे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्या उत्तराने मी निरुत्तर झालो.

या रानासाठी त्या लोकांनी मोल मोजले आहे. निजामाच्या जंगल खात्याने राखीव रानाच्या नावाखाली वस्त्या उठविल्या, तेव्हा कुमरम भीम यांनी लोकांना एकत्र केले. १९४० मध्ये जोडेघाट येथे ते धारातीर्थी पडले. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्यांच्याच नावाशी निगडित आहे. पुढे संस्थानने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञांकडून तेथील परिस्थितीचा अभ्यास करविला. ते जवळच्या मार्लवाई गावी राहिले. जत्रेत अधिकाऱ्यांनी बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, हा दरबाराचा प्रघात त्याच काळात पडला आणि तो आजही चालू आहे. देवाच्या अंगणात रानाचा व जमिनीचा प्रश्न मांडला जातो आणि त्यात कोणास अधर्म वाटत नाही.

आपल्या गोमंतकासही ही परंपरा परकी नाही. सह्याद्री वाचविण्यासाठी नोव्हेंबर १९८७ मध्ये उत्तरेस नवापूर आणि दक्षिणेस कन्याकुमारी येथून पदयात्रा निघाल्या. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्या एकमेकींस मिळाल्या त्या आपल्या फोंडा महालात, रामनाथी येथे. २०२० मध्ये मोले अभयारण्यातून दुपदरी लोहमार्ग, रुंद महामार्ग आणि उच्च दाबाची वीजवाहिनी नेण्याच्या योजनांविरुद्ध तरुण मंडळी उठली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात चांदर येथे लोकांनी रुळांवर रात्र जागवून काढली. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लोहमार्गास दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द ठरविली. वीजवाहिनीबाबतही नवे रान न तोडता जुन्याच वाहिनीचा मार्ग धरावा, असे ठरले.

परंतु येथे आपण स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे. रान तोडू नका असे सांगणाऱ्या आपल्या घरी आणि देवळात वीज हवीच आहे. ती बव्हंशी दूरच्या कोळशावर निर्माण होते. म्हणजे आपल्या दीपोत्सवासाठी कोणाचे तरी रान खणले जाते. हे ओझे थोडे तरी आपण उचलावयास नको काय?

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. कित्येक वर्षांपूर्वी सभागृहाच्या निधीसाठी देवळामागच्या डोंगरउतारावरील झाडे विकण्याचा ठराव आपल्या सर्वसाधारण सभेत आला. त्या ठरावास हात वर करणाऱ्यांत मीही होतो. सभागृह झाले. पण तळीला मिळणारी झर पुढील काही वर्षांत क्षीण होत गेली, आणि आता वैशाखात तळीची खालची पायरी उघडी पडते. त्याचे कारण तेवढे एकच, असे मी म्हणणार नाही. तथापि झाडे पावसाचे पाणी जमिनीत मुरवितात, हे मला तेव्हाही ठाऊक होते आणि तरीही मी हात वर केला.

आता अग्रशाळेमागील उरलेली झाडे तोडून मोटारी उभ्या करण्यासाठी जागा करावी, अशी सूचना पुढे आली आहे. वृद्ध महाजनांची गैरसोय होते, ही अडचण खरी आहे. मीही त्या वृद्धांतलाच एक. तरीही माझी विनंती अशी की, उत्सवाच्या दिवसांपुरती शाळेची किंवा एखाद्या महाजनाची मोकळी जागा मागून घ्यावी. झाडांस हात लावू नये.

दुसरी विनंती दिव्याची. अग्रशाळेच्या छपरावर पाच किलोवॅटचा सौर संच बसविण्यास सुमारे पन्नास चौरस मीटर जागा पुरते. वर्षाची सरासरी काढल्यास त्यातून दिवसाकाठी वीस युनिटांच्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात अधिक. देवळाच्या कौलांस व शिखरास धक्का लावण्याचे कारण नाही. आदिलाबाद जिल्ह्यातीलच मुखरा (के) ग्रामपंचायतीने कचऱ्याचे गांडूळखत विकून आलेल्या पैशातून सौर संच बसविला. आपल्या देवळात रोज निघणारे निर्माल्य पाहता, तोही मार्ग आपणांस मोकळा आहे. गर्भगृहातील नंदादीप मात्र तेलाचाच राहील. त्यात फेरफार सुचविण्याचे धाडस मी करणार नाही.

माझनियांचा पहिला कायदा १८८६ चा आणि नंतरचा १९३३ चा. या कायद्यांनी आपल्या हाती अंदाजपत्रक दिले, हिशेब दिले, ठरावाचा अधिकार दिला. तो अधिकार म्हणजे केवळ मान नव्हे, ती विश्वस्ताची जबाबदारी आहे. केसलापूरच्या वाटेवर अनवाणी चालणाऱ्यांपाशी आपल्याइतकी कागदपत्रे नसतील. पण आपल्या देवाचे पाणी कोठून येते हे त्यांतील प्रत्येकास पायाने ठाऊक आहे.

येत्या सभेत हे दोन्ही विषय येतील. माझा हात या वेळी झाडांच्या बाजूने वर होईल. तुमचाही तसाच व्हावा, अशी श्रींच्या चरणी प्रार्थना करून माझे भाषण पुरे करतो.