वरवंटा आणि बासमती
(नभोवाणीवरील भाषण)



अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, सिएटल शहराच्या पूर्वेस पंधरा-सोळा मैलांवर रेडमंड नावाचे गाव आहे. 1986 साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपले बिऱ्हाड तेथे हलविले आणि तेव्हापासून या गावाचे नाव पुण्या-मुंबईच्या घराघरांत, विशेषतः ज्या घरांत संगणकशास्त्र शिकलेला मुलगा किंवा जावई आहे अशा घरांत, एखाद्या तीर्थक्षेत्रासारखे उच्चारले जाऊ लागले. त्यापूर्वी तेथे लाकूडतोड होती, दुभती गुरे होती, आणि सॅमॅमिश सरोवराभोवती 1940 च्या सुमारास सुरू झालेली सायकलींची एक शर्यत होती. नाताळची रोषणाई आणि शाळेच्या खेळांचे सामान यांसाठी वर्गणी जमावी, एवढाच तिचा मूळ हेतू. पण तिच्या जोरावर हे गाव स्वतःला वायव्येतील सायकलींची राजधानी म्हणवून घेते. ज्याने साठ सालचे पुणे पाहिले आहे, सकाळी दहा वाजता लकडी पुलावर सायकलींची दाटी अनुभवली आहे, त्याने या पदवीवर काय बोलावे! मी मौन पाळले.

त्या गावी माझा मुलगा राहतो. एका जून महिन्यात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा घरात जे वातावरण होते, ते मला प्रथम एखाद्या लग्नघराचे वाटले. माझी नात, वय वर्षे सोळा, एका निवड-शिबिरासाठी स्वित्झर्लंडला निघाली होती. माइक हॉर्न या नावाचा एक धाडसी प्रवासी आहे, हे काही श्रोत्यांना ठाऊक असेल. जन्माने दक्षिण आफ्रिकेचा, वास्तव्याने स्वित्झर्लंडचा हा गृहस्थ यंत्राचे कोणतेही वाहन न वापरता विषुववृत्ताच्या रेषेने पृथ्वीभोवती फिरून आला. आणि पुढे 2006 साली, बोर्गे ऑसलंड या नॉर्वेच्या सोबत्यासह, ध्रुवप्रदेशातील अखंड रात्रीच्या काळोखात चालत उत्तर ध्रुवावर पोहोचला. इतके करून झाल्यावर त्याने 2008 साली पँजिया या नावाची चार वर्षांची मोहीम काढली. सर्व खंड एकसंध होते त्या प्राचीन भूमीचे ते नाव. तेच त्याच्या पस्तीस मीटर लांबीच्या शिडाच्या जहाजाचेही. देशोदेशीची तरुण मुले निवडावी, त्यांना हिम, अरण्य, समुद्र दाखवावे आणि परतल्यावर त्यांच्याकडून काही काम करून घ्यावे, असा त्याचा संकल्प होता. त्या मुलांची पारख ज्या डोंगरगावात होई त्याचे नाव शातो-दे. 1999 च्या मार्चमध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेला तो प्रसिद्ध बलून ज्या गावातून आकाशात चढला, तेच हे गाव.

नातीचा अर्ज मंजूर झाला होता, म्हणजे शिबिराला येण्याची परवानगी मिळाली होती. निवड व्हायची होती. हा भेद तिच्या आईबापांखेरीज इतर कोणाच्या ध्यानात येत नव्हता, आणि पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक दूरध्वनीवर अभिनंदनाचा वर्षाव होत होता. "अहो, अजून काही झालेलं नाही," हे वाक्य सूनबाई दिवसातून पाच वेळा म्हणत, आणि पाचही वेळा ते पलीकडे विनय म्हणूनच स्वीकारले जाई.

आलेल्या पत्रात सामानाची यादी होती. परीक्षेचा अभ्यासक्रम नव्हता. ती यादी शीतकपाटाच्या दारावर चुंबकाने लावलेली होती, आणि मिळालेल्या वस्तूपुढे पेन्सिलीची खूण होत होती. लोकरीचे मोजे, चार जोड. पाऊस न शिरणारे जाकीट. डोक्याला बांधायचा दिवा. बूट तर दोन महिन्यांपूर्वीच घेतलेले होते, कारण नवा बूट डोंगरावर पायाचा सूड घेतो, हे ज्ञान तिने कोठून तरी मिळविले होते. ते बूट घालून ती घरात वावरे, जेवायला बसे, आणि मॅरीमूर पार्कच्या ओल्या गवतातून फेऱ्या मारून आली की उंबऱ्याबाहेर बसून नाडी सोडी. टाचेला आलेला फोड तिने मला एखाद्या पदकासारखा दाखविला.

शनिवारी आम्ही माउंट साय या डोंगरावर गेलो. आम्ही म्हणजे ती आणि तिचा बाप चढायला, आणि मी पायथ्याच्या बाकावर बसायला. चार मैलांत तीन हजार फुटांहून अधिक चढ. पलीकडच्या चौदा हजार फुटी रेनियरवर जाऊ इच्छिणारे लोक आधी येथे ओझे घेऊन चढतात आणि आपल्या फुफ्फुसांची तालीम घेतात. नातीच्या पाठीवर नवी सॅक होती आणि सॅकमध्ये भारतीय दुकानातून आणलेले बासमती तांदळाचे वीस पौंडांचे पोते. व्यायामाची वजने विकत मिळतात, त्यांचे दुकानही जवळच होते. पण तांदूळ घरात होताच, आणि वजन ते वजन. मला ते पोते पाहून जे हसू आले त्याचे कारण मी लगेच कोणाला सांगितले नाही.

1966 साली मी पुण्यात महाविद्यालयात शिकत होतो. आदल्याच वर्षी कॅप्टन कोहलींच्या नेतृत्वाखाली आपली माणसे एव्हरेस्टवर पोहोचली होती, एक-दोन नव्हे, नऊ. आणि सिंहगडाची वाट नियमाने चढणाऱ्या आमच्यासारख्या पोरांना, आता हिमालय म्हणजे काय, सिंहगडच थोडा उंच, असा एक निराधार आत्मविश्वास प्राप्त झाला होता. दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूटच्या प्राथमिक वर्गासाठी मी अर्ज केला. प्राचार्यांची शिफारस, डॉक्टरांचा दाखला, वडिलांची लेखी संमती, हे सर्व कागद रवाना केल्यानंतर जवळजवळ दोन महिने मी रोज अकराच्या डाकेची वाट पाहत वाड्याच्या दिंडीत उभा राहत असे. आणि आमचे पोस्टमन, अत्यंत सत्शील गृहस्थ, दुरूनच मान हलवीत, म्हणजे जवळ येईपर्यंतची माझी आशा तरी वाचत असे. या काळात ओझ्याची सवय व्हावी म्हणून मी पाठीवरच्या कॅनव्हासच्या पिशवीत आईचा वरवंटा घालून सिंहगड चढत होतो. रविवारी वाटण करायचे झाले की आईला वरवंटा सापडत नसे. तिसऱ्या रविवारी मी पकडला गेलो, आणि मग शेजाऱ्यांच्या वरवंट्यावर माझी पुढील तयारी पार पडली.

जायचे कसे, तर पुण्याहून मुंबई, मुंबईहून कलकत्ता, पुढे गंगेवर तेव्हा फराक्क्याचा पूल नव्हता म्हणून स्टीमरने पैलतीर, तेथून सिलिगुडी आणि मग ती खेळण्यातली रेल्वे. त्या प्रवासाच्या तुलनेत रेडमंडहून स्वित्झर्लंड म्हणजे शेजार. दार्जिलिंगला तेव्हा तेनझिंग प्रशिक्षणाचे प्रमुख होते, आणि त्यांचे भाचे नवांग गोंबू शिक्षक होते. ठेंगणे, हसतमुख, फार कमी बोलणारे. एव्हरेस्टवर दोनदा गेलेला त्या वेळी जगात एकच मनुष्य होता आणि तो आमच्या बुटांच्या तळव्यांची तपासणी करीत होता. मी शिखराविषयी काही विचारायचे म्हणून तोंड उघडले, तर त्यांनी माझ्या बुटाची नाडी सैल असल्याचे दाखविले आणि ते पुढे गेले.

आता योगायोग पाहा. गोंबू पहिल्यांदा एव्हरेस्टवर गेले ते 1 मे 1963 रोजी, अमेरिकन मोहिमेबरोबर, आणि त्यांच्या सोबत शिखरावर पाऊल ठेवणारा पहिला अमेरिकन जिम व्हिटेकर हा सिएटलचा. गिर्यारोहकांना रास्त दरात ऑस्ट्रियाची हिमकुऱ्हाड मिळावी म्हणून सिएटलमध्ये 1938 साली एका जोडप्याने जी सहकारी संस्था काढली, तिचा तो पहिला पूर्णवेळ नोकर. त्या संस्थेचे दुकान तेव्हा रेडमंडमध्येही होते, आणि नातीचे ते बूट तेथूनच आलेले होते. पुढे गोंबूही उन्हाळ्यात रेनियरवर वाटाड्याचे काम करण्यासाठी या मुलुखात येत असत. रेडमंडला पाऊस आणि ढग यांचे राज्य. ज्या दिवशी आभाळ फाकते आणि तो बर्फाचा प्रचंड घुमट दक्षिणेला दिसू लागतो, त्या दिवशी तेथील लोक एकमेकांना "द माउंटन इज आउट", पर्वत बाहेर आला, असे सांगतात, जणू तो इतर दिवशी घरात असतो. मी गेल्यावर अकराव्या दिवशी तो बाहेर आला. नात मला हाताला धरून रस्त्याच्या वळणापर्यंत घेऊन गेली, आणि त्या शुभ्र आकृतीकडे पाहताना मला प्रथम आठवली ती सैल नाडी.

त्या संध्याकाळी तिने मला जे विचारले त्याची अपेक्षा मी केली नव्हती. मला वाटले होते, ती थंडीविषयी विचारील, दोराविषयी, फार तर निवड न झाली तर काय, याविषयी. ती म्हणाली, "आबा, तिथे सगळे एकमेकांशी बोलायला लागले आणि मी नुसतीच उभी राहिले तर?"

मी तिला शॅकल्टनची हकीकत सांगितली. 1914 साली दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी माणसे निवडताना त्याने रेजिनाल्ड जेम्स या तरुण पदार्थवैज्ञानिकाची मुलाखत काही मिनिटांत आटोपली. पदार्थविज्ञानाविषयी विशेष काही नाही. दात चांगले आहेत काय, स्वभाव बरा आहे काय, आणि गाता येते काय? गाणे म्हणजे मैफलीचे नव्हे, चार जणांबरोबर ओरडता येते काय, एवढाच त्याचा आशय. नात थोडी गंभीर झाली. "मला गणपतीच्या आरत्याच येतात," ती म्हणाली. सिएटलच्या महाराष्ट्र मंडळाची कृपा.

त्याच शॅकल्टनने पुढे 1921 साली आपल्या अखेरच्या प्रवासासाठी एक बालवीर न्यायचे ठरविले, तेव्हा ब्रिटनभरातून सुमारे सतराशे अर्ज आले. दहा मुले मुलाखतीस उरली. त्या दहांतून एक निवडणे शॅकल्टनला जमेना, म्हणून त्याने दोघांना घेतले : ॲबर्डीनचा जेम्स मार आणि ऑर्कनी बेटांवरचा नॉर्मन मूनी. सतराशेंतून पारखलेला हा मूनी बोट लागण्याने इतका हैराण झाला की मादेरा बेटावरून त्याला घरी परतावे लागले. समुद्राने घेतलेली परीक्षा कोणत्याही मुलाखतीत घेता आली नसती. मार पुढे गेला. 1922 च्या जानेवारीत साउथ जॉर्जिया बेटापाशी शॅकल्टनचा अंत झाला तेव्हा तो मुलगा जहाजावर होता. मोठेपणी तो सागरी जीवशास्त्रज्ञ झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने अंटार्क्टिकावर जी गुप्त मोहीम धाडली तिचे नेतृत्व त्याच्याकडे आले. अमेरिकेतही 1928 साली ॲडमिरल बर्डबरोबर जाण्यासाठी असाच शोध झाला. अखेरच्या सहांतून पॉल सायपल नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा निवडला गेला. आणि अमेरिकेतील हवामानवार्तेत तपमानाबरोबर वाऱ्यामुळे भासणाऱ्या थंडीचा जो आकडा हिवाळ्यात सांगतात, त्या कल्पनेचा एक जनक तोच. मला मात्र या सर्व कथेत राहून राहून वाटते ते त्या आठ मुलांविषयी, जी शॅकल्टनच्या खोलीबाहेर आली आणि आगगाडीने आपापल्या गावी गेली. त्यांच्यात काय कमी होते हे त्यांना कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. शॅकल्टनलाही ते सांगता आले असते की नाही कोण जाणे.

आमच्या मराठी मध्यमवर्गाला हेच सोसत नाही. ज्या परीक्षेला पुस्तक नाही, मागील वर्षाच्या प्रश्नपत्रिका नाहीत, शिकवणीचा वर्ग नाही, तिच्याकडे मुलाला पाठवायचे म्हणजे आम्हांला हात बांधून नदीत ढकलल्यासारखे वाटते. माझ्या मुलाने, जो स्वतः अनेक प्रवेशपरीक्षा उत्तम गुणांनी पार पडला आहे, एके रात्री एका कागदावर संभाव्य प्रश्न काढले आणि जेवणानंतर मुलीची मुलाखत घ्यावयास आरंभ केला. तुझ्या नेतृत्वगुणांचे एक उदाहरण दे. अपयशातून तू काय शिकलीस? ती उत्तरे देत होती, आणि प्रत्येक उत्तराबरोबर ती मला अधिकाधिक अनोळखी वाटत होती. या शिबिराचा उल्लेख पुढे महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात कोणत्या रकान्यात येईल, हीही चर्चा झाली. मी सामान्यतः मुलाच्या घरात मत देत नाही; सासऱ्याने अमेरिकेत पाळावयाचे ते पहिले पथ्य आहे. पण त्या रात्री मी तो कागद मागून घेतला आणि चष्म्याच्या घरात घडी करून ठेवून दिला. परक्या डोंगरावर परकी माणसे तिच्यात काय पाहतील हे आधी ठाऊक नसणे, हीच तर त्या दिवसांची सारी गोडी. ती पोरीपासून काढून घेण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? मुलगा रागावला, असे म्हणवत नाही. पण भांडी जरा मोठ्याने विसळली गेली.

निघण्याच्या आदल्या रात्री सॅक न्हाणीघरातल्या काट्यावर तोलली गेली. तीन पौंड जास्त. सूनबाईंनी दिलेली मेतकुटाची बरणी बाहेर आली, एक जाड पुस्तक बाहेर आले, चौथा मोज्याचा जोड बाहेर येऊन पुन्हा आत गेला. मग तिने बूट घातले, नाडी आवळली, माझ्यापुढे पाय पुढे करून "बघ, सैल आहे का?" असे विचारले; गोंबूंची ती हकीकत मी तिला एव्हाना चार वेळा सांगितली असावी. नाडी घट्ट होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला विमानतळावर सोडून आम्ही परतलो. सूनबाईंनी ते बासमतीचे पोते गॅरेजमधून आत आणले, कात्रीने शिवण कापून तांदूळ डब्यात ओतला, आणि रात्री आम्ही तिघे त्याच तांदळाचा वरणभात जेवलो.